वृत्तवाहिनीच्या चर्चेत सामाजिक प्रश्नावर बोलायला जाताना : फोन येण्यापासून क्लिप तपासण्यापर्यंत

हा लेख डॉक्टर, शिक्षक, वकील आणि लहानमोठ्या संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी आहे. त्यांना वर्षातून एकदोनदा मराठी वृत्तवाहिनीवरच्या संध्याकाळच्या चर्चेचे निमंत्रण येते आणि कार्यक्रम संपल्यावर हवे ते सांगता आले नाही अशी हळहळ त्यांच्या मनात राहते. पक्षप्रवक्त्यांना या लेखाची गरज नाही. त्यांचा सराव रोजचा असतो. मी गंभीर आजारी रुग्णांच्या पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेच्या, स्वयंसेवी कामात आहे आणि इच्छामरणाच्या विषयावर अशा चर्चांना गेलो आहे. पहिल्या चर्चेत मी विषयाची पार्श्वभूमी सांगायला घेतली, ती पूर्ण होण्याआधीच ब्रेक आला, आणि ब्रेकनंतर प्रश्न दुसरीकडे वळला. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम पाहिलेल्या एका ओळखीच्या बाईंनी मला विचारले, “म्हणजे आता वडिलांसाठी इंजेक्शन मागता येतं का?” भारतात असे इंजेक्शन मागता येत नाही, आणि नेमके हेच स्पष्ट करण्यासाठी मी तेथे गेलो होतो. त्या अनुभवामुळे पुढील सर्व टप्प्यांत इच्छामरणाचाच विषय उदाहरण म्हणून घेतला आहे. आंतरजातीय विवाह, लिव्ह-इन, गर्भपात, मंदिरप्रवेश किंवा सामाजिक बहिष्कार असा दुसरा विषय असला तरी टप्प्यांचा क्रम हाच ठेवावा.

टप्पा १ : फोनवर होकार देण्याआधी

बहुतेकांची चर्चा येथेच बिघडते. दुपारी वाहिनीच्या गेस्ट कोऑर्डिनेटरचा फोन येतो, “सर, आज सात वाजता इच्छामरणावर चर्चा आहे, याल ना?” आपण भारावून लगेच हो म्हणतो. होकार देण्याआधी पाच मिनिटे घ्यावीत आणि खालील गोष्टी विचाराव्यात. असे विचारल्याने कोणी रागावत नाही, कारण समोरच्या माणसालाही ही माहिती पुढे डेस्कला, म्हणजे कार्यक्रम तयार करणाऱ्या संपादकीय विभागाला, द्यायचीच असते.

पहिली गोष्ट म्हणजे पडद्यावर येणारी प्रश्नाची नेमकी ओळ. “इच्छामरण” हा विषय झाला. “असाध्य रुग्णाचा व्हेंटिलेटर काढावा का?” आणि “आईबापांना मरू द्यायचं का?” हे त्याच विषयावरचे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्या प्रश्नाला कोणतेही उत्तर दिले तरी आपण निर्दय ठरतो. ओळ अजून ठरली नसेल, तर आपणच एक ओळ सुचवावी. घाईत असलेला डेस्क पुष्कळदा ती स्वीकारतो.

दुसरी गोष्ट म्हणजे इतर पाहुणे कोण आहेत आणि ते कोणत्या भूमिकेतून बोलणार आहेत. तिसरी गोष्ट म्हणजे कार्यक्रम लाइव्ह आहे की आधी चित्रित होणार आहे. चित्रित असेल तर आपले उत्तर कापले जाऊ शकते, हे गृहीत धरून प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे समजेल असे द्यावे लागते. यांखेरीज स्टुडिओत यायचे की व्हिडिओ कॉलवरून बोलायचे, एखाद्या रुग्णाचे किंवा कुटुंबाचे दृश्य दाखवले जाणार आहे का, आणि आपल्या नावाखालच्या पट्टीवर काय लिहिले जाणार आहे, हेही विचारावे. पट्टीचा मजकूर स्वतः टाइप करून व्हॉट्सअॅपवर पाठवावा. फोनवर सांगितलेले पद हमखास चुकते, आणि परिचारिकेला डॉक्टर किंवा वकिलाला निवृत्त न्यायाधीश म्हणून दाखवले गेले, तर तो दोष प्रेक्षक आपल्या माथी मारतात.

कधी कधी नकार देणेच योग्य असते. प्रश्न आपण स्वतः उपचार करत असलेल्या रुग्णाचा किंवा आपण वकीलपत्र घेतलेल्या प्रकरणाचा असेल तर जाऊ नये. ज्या विषयात आपल्याजवळ मत आहे पण काम नाही, त्या विषयासाठी काम असलेल्या दुसऱ्या व्यक्तीचे नाव सुचवावे. सरकारी सेवेत असणाऱ्यांनी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ पाहून आधी परवानगी घ्यावी. खासगी रुग्णालयात किंवा महाविद्यालयात नोकरी असेल तर तेथील नियम वेगळे असतात, तेही विचारून घ्यावेत.

तपासणी : फोन ठेवल्यावर प्रश्नाची ओळ, पाहुण्यांची नावे, वेळ आणि आपल्या पट्टीचा मजकूर कागदावर आहे का? यांतील एकही गोष्ट माहीत नसेल तर पुन्हा फोन करावा.

टप्पा २ : प्रश्न सोलून घेणे

वादग्रस्त सामाजिक प्रश्नांत एकाच शब्दाखाली तीनचार निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. चर्चा तापली की पाहुणे एकीवरून दुसरीवर उड्या मारतात आणि प्रेक्षकांना वाटते की सगळे एकाच गोष्टीविषयी भांडत आहेत. म्हणून मुद्दे काढण्याआधी शब्द फोडावा.

इच्छामरण हा शब्द फोडला तर चार गोष्टी हाती येतात. औषध देऊन मुद्दाम मृत्यू घडवणे ही पहिली. तिला भारतात कायद्याची मान्यता नाही. बरे होण्याची आशा उरली नसताना जीवनरक्षक उपचार सुरू न करणे किंवा काढून घेणे ही दुसरी. तिला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ प्रकरणात मान्यता दिली, आणि सन्मानाने मरण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ चा भाग मानला. जैन परंपरेतील संथारा, म्हणजे अन्नपाणी सोडून मृत्यू स्वीकारण्याचे व्रत, ही तिसरी. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये तो बेकायदेशीर ठरवला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. चौथी गोष्ट आत्महत्या, आणि ती या चर्चेत कोणीतरी आणतोच.

या चारही गोष्टींसाठी प्रत्येकी एक वाक्य लिहावे. आपण नेमके कशाविषयी बोलायला आलो आहोत, त्या एकीभोवती वर्तुळ काढावे. उरलेल्या तिन्हींसाठी लिहिलेले वाक्य हे परतीचे वाक्य असते : “संथारा हा धार्मिक व्रताचा प्रश्न आहे, आणि तो न्यायालयात वेगळा चालू आहे, आज आपण अतिदक्षता विभागातल्या रुग्णाविषयी बोलत आहोत.” चर्चा भरकटेल तेव्हा हेच वाक्य उपयोगी पडते, आणि आयत्या वेळी ते सुचत नाही.

इतर विषयांनाही ही पद्धत लागू होते. गर्भपाताची चर्चा असेल तर १९७१ चा कायदा, त्यातील २०२१ च्या दुरुस्तीने विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत वाढवलेली मुदत, आणि गर्भलिंगनिदानबंदीचा पूर्णपणे वेगळा कायदा, या तीन गोष्टी आधी सुट्या कराव्यात. त्या एकत्र झाल्या की कायदेशीर गर्भपातालाही प्रेक्षक गुन्हा समजू लागतात.

सावधान : शब्द फोडताना आपल्याला गैरसोयीची असलेली बाजू वगळू नये. आपण ती वगळली तर समोरचा पाहुणा तीच घेऊन येतो.

टप्पा ३ : पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी

आधी हिशोब करावा. एका तासाच्या कार्यक्रमातून जाहिराती, मथळे आणि सुरुवातीची चित्रफीत वजा केली की साधारण चाळीस मिनिटे उरली असे धरावे. त्यातील दहा मिनिटे सूत्रसंचालकाची. पाहुणे सहा असतील तर आपल्या वाट्याला पाच मिनिटे येतात, तीही सलग नसतात. चाळीस-चाळीस सेकंदांचे सातआठ तुकडे मिळतात. दहा पानांची टिपणे घेऊन जाणारा माणूस त्यांतले काय सांगावे या विचारातच पहिले दोन तुकडे घालवतो.

म्हणून पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीनच मुद्दे घ्यावेत. प्रत्येक मुद्द्यापुढे एक आधार लिहावा, म्हणजे तारीख, निकाल, कायद्याचे नाव किंवा आपल्या कामातला अनुभव, आणि त्यापुढे त्याचा सामान्य घराशी असलेला संबंध. कलमाचा नुसता क्रमांक प्रेक्षकांना काही सांगत नाही. त्याने काय करता येते आणि काय करता येत नाही, ते सांगावे.

पहिले उत्तर मात्र शब्दशः लिहून काढावे आणि घड्याळ लावून मोठ्याने वाचावे. इच्छामरणाच्या चर्चेसाठी मी वापरतो ते उत्तर असे :

“इंजेक्शन देऊन मृत्यू आणणं भारतात बेकायदेशीर आहे, आणि आज कोणी ते मागत नाही. प्रश्न असा आहे, की रुग्ण बरा होणार नाही असं डॉक्टरांच्या दोन मंडळांनी सांगितल्यावरही व्हेंटिलेटर चालू ठेवायचा का. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये तो थांबवायची वाट मोकळी केली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिची पद्धत सोपी केली. आपल्याला काय हवं आहे हे शुद्धीत असतानाच, दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवता येतं, आणि ते नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येतं. हे लिहून ठेवलं नाही, तर तो निर्णय मुलांना रुग्णालयाच्या जिन्यात उभं राहून घ्यावा लागतो.”

हे उत्तर वाचायला चाळीस सेकंदांच्या आसपास लागतात. त्यात काय चर्चेत नाही, काय आहे, कायदा काय म्हणतो आणि घरी काय करता येईल, या चारही गोष्टी येतात. त्यानंतर आपल्याला पुन्हा बोलायला मिळाले नाही तरी प्रेक्षकांच्या हाती काहीतरी पडलेले असते. अरुणा शानबाग यांचा उल्लेख मी यात मुद्दाम ठेवलेला नाही. केईएम रुग्णालयातील त्या परिचारिकेवर १९७३ मध्ये हल्ला झाला, २०११ मध्ये त्यांच्या प्रकरणात निकाल आला आणि २०१५ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. ती कहाणी सांगायला सुरुवात केली की चाळीस सेकंद तिच्यातच संपतात, आणि मुंबईतल्या प्रेक्षकांना ती ठाऊक असते. माझी पहिली चर्चा तेथेच फसली होती.

तपासणी : विषय माहीत नसलेल्या घरच्या माणसाला हे उत्तर एकदाच ऐकवावे आणि त्याला काय समजले ते विचारावे. त्याने वेगळेच काही सांगितले तर उत्तर पुन्हा लिहावे.

टप्पा ४ : समोरच्याचा सर्वांत चांगला मुद्दा

आपल्या विरोधातला सर्वांत कमकुवत मुद्दा खोडण्याचा सराव सगळेच करतात. सराव सर्वांत बळकट मुद्द्याचा हवा. इच्छामरणाच्या चर्चेत तो असा असतो : अतिदक्षता विभागाचा दिवसाचा खर्च झेपत नाही म्हणून गरीब कुटुंबे नाइलाजाने व्हेंटिलेटर काढायला सांगतील, आणि त्याला आपण सन्मानाचे नाव देऊ. अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठी काम करणारे आणखी एक भय बोलून दाखवतात, की कोणाचे जगणे जगण्यासारखे आहे हे दुसऱ्यांनी ठरवायची सवय समाजाला लागेल.

ही दोन्ही भये खरी आहेत आणि ती खरी आहेत असे म्हणावे. मग कायद्याने घातलेले अडसर सांगावेत : उपचार करणारा डॉक्टर आणि संबंधित विषयाचा किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे पहिले मंडळ, जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर ज्यात आहे असे दुसरे मंडळ, आणि मंडळाने परवानगी नाकारली तर उच्च न्यायालयात जाण्याची वाट. एवढे सांगूनही पैशाचा दबाव या मंडळांनी नाहीसा होत नाही, हेही कबूल करावे. अशी कबुली दिल्याने आपली बाजू पडते असे नवख्या पाहुण्यांना वाटते. माझा अनुभव उलट आहे. त्यानंतर सूत्रसंचालक पुढचा अवघड प्रश्न आपल्याकडेच आणतो, कारण आपण खरे बोलू असे त्याला वाटू लागते.

एका सहकाऱ्याला समोर बसवून हा मुद्दा त्याला आवाज चढवून, मध्येच तोडत मांडायला सांगावे. “तुमच्या स्वतःच्या आईवर ही वेळ आली तर?” हा प्रश्नही त्याने विचारावा, कारण चर्चेत तो येतोच. त्याचे खरे आणि छोटे उत्तर आधी ठरवलेले असावे, किंवा “घरच्यांविषयी मी येथे बोलणार नाही” असे शांतपणे सांगण्याचा सराव असावा. हा प्रश्न आयत्या वेळी अंगावर आला की भलेभले गडबडतात.

टप्पा ५ : कायद्याच्या मर्यादा

हा टप्पा छोटा आहे, पण तो वगळल्याची किंमत मोठी असते.

लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. पीडित बालक असेल तर बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याचे कलम २३ लागू होते. नाव न घेता गाव, शाळा आणि नातेवाईक सांगितले तरी ओळख उघड होते. दुसऱ्या पाहुण्याने नाव घेतले तर आपण ते पुन्हा उच्चारू नये, आणि उत्तर देताना “ती मुलगी” एवढेच म्हणावे. न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणात आरोपीला गुन्हेगार म्हणू नये. एखाद्या व्यक्तीवर किंवा रुग्णालयावर आरोप करायचा असेल आणि हाताशी कागद नसेल, तर तो आरोप करू नये.

सावधान : चर्चेत आत्महत्येचा विषय येणार असेल तर पद्धतीचे वर्णन करू नये आणि तिला सुटका म्हणू नये. ‘टेलि-मानस’ या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक पट्टीवर चालवावा अशी विनंती डेस्कला आधीच करावी.

टप्पा ६ : जागा, आवाज आणि प्रकाश

घरून व्हिडिओ कॉलवर बोलणार असाल तर फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीला आणि स्थिर ठेवावा. उजेड समोरून यावा. पाठीमागे खिडकी असेल तर चेहरा काळा दिसतो. वायरचे इअरफोन वापरावेत. घरातला टीव्ही बंद ठेवावा, कारण तेथला आवाज काही सेकंद उशिरा येतो, त्याचा प्रतिध्वनी माइकमध्ये शिरतो आणि आपलेच बोलणे अडखळते. बोलताना पडद्यावरच्या चेहऱ्यांकडे न पाहता कॅमेऱ्याकडे पाहावे. वीज जाण्याची सवय असलेल्या भागात राहणाऱ्यांनी मोबाइल डेटाची सोय वेगळी ठेवावी.

स्टुडिओत जाताना बारीक रेघांचे कपडे टाळावेत. पडद्यावर ते लुकलुकतात. हिरव्या रंगाविषयी आधी विचारावे, कारण क्रोमाच्या, म्हणजे मागे दुसरे दृश्य जोडण्यासाठी लावलेल्या हिरव्या, पडद्यापुढे तो नाहीसा होतो. अर्धा तास आधी पोहोचावे.

सावधान : कॉलर माइक लावल्यापासून तो काढेपर्यंत सुरूच आहे असे समजावे. ब्रेकमध्ये शेजारच्या पाहुण्याविषयी काढलेला उद्गार नियंत्रण कक्षात ऐकू जातो.

टप्पा ७ : प्रत्यक्ष चर्चा

पहिली संधी मिळताच, विचारलेला प्रश्न कोणताही असो, त्याला एका वाक्यात उत्तर द्यावे आणि लगेच लिहून ठेवलेले पहिले उत्तर सांगावे. “आपण फार चांगला प्रश्न विचारलात, सर्वप्रथम मी वाहिनीचे आभार मानतो” यात दहा सेकंद जातात. दुसऱ्या संधीत आधार सांगावा आणि तिसऱ्या संधीत अनुभव. पुष्कळ जण हा क्रम उलटा ठेवतात, म्हणजे अनुभवातली करुण गोष्ट आधी सांगतात; मग पुढचा सगळा वेळ ती गोष्ट खरी की खोटी यावर जातो.

दोघे एकदम बोलले की प्रेक्षकांना दोघांचेही ऐकू येत नाही. म्हणून कोणी मध्ये घुसले तर तीन सेकंद थांबावे, सूत्रसंचालकाला नावाने हाक मारावी आणि “माझे वाक्य अर्धे राहिले आहे” असे सांगून त्याच शब्दापासून पुढे जावे. नव्याने सुरुवात करू नये. तरीही आवाज वाढतच राहिला तर गप्प बसावे. गोंगाट ओसरल्यावर पहिली संधी बहुधा गप्प बसलेल्याला मिळते.

आपण बोलत नसतानाही आपली खिडकी पडद्यावर असते. मान हलवणे, कपाळाला हात लावणे, फोन पाहणे, हसणे हे सगळे दिसते. मृत्यूच्या चर्चेत एखाद्या नातेवाइकाची मुलाखत चालू असताना पाहुणा हसताना दिसला, तर त्याचे पुढचे कोणतेही बोलणे लोक मनावर घेत नाहीत.

वारंवार होणाऱ्या आणखी काही चुका येथे नोंदवतो. समोरच्या पाहुण्याला त्याच्या जातीवरून, पक्षावरून किंवा वयावरून उत्तर देणे. “सगळ्याच धर्मांत असे आहे” असे म्हणून विषय पातळ करणे. माहीत नसलेला आकडा अंदाजाने सांगणे; “ही आकडेवारी माझ्याजवळ नाही” एवढे म्हणणे पुरेसे असते. हो किंवा नाही यातच उत्तर द्या असा आग्रह झाला की घाबरून एक निवडणे. अशा वेळी “अट सांगून उत्तर देतो” असे म्हणावे आणि आधी अट सांगावी, मग हो म्हणावे. हो आधी म्हटले तर क्लिप तेथेच कापली जाते.

तपासणी : पहिल्या ब्रेकमध्ये चिठ्ठी पाहावी. तीन मुद्द्यांपैकी कोणता राहिला? पुढची संधी त्या मुद्द्याची, मग प्रश्न काहीही असो.

टप्पा ८ : कार्यक्रमानंतर

त्याच रात्री कार्यक्रमाची लिंक मागून घ्यावी आणि चित्रफीत जपून ठेवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी वाहिनीने काढलेल्या छोट्या क्लिप आणि त्यांचे मथळे पाहावेत. पूर्ण चर्चेपेक्षा या क्लिप अधिक लोक पाहतात, आणि आपण न बोललेले वाक्य मथळ्यात आपल्या तोंडी घातलेले असू शकते.

तसे आढळले तर आधी गेस्ट कोऑर्डिनेटरला फोन करावा. प्रामाणिक चूक असेल तर मथळा तासाभरात बदलला जातो. बदलला नाही तर वाहिनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार पाठवावी. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांतील २०२१ च्या दुरुस्तीनुसार वाहिनीने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर वाहिनी ज्या स्वयंनियमन संस्थेची सदस्य आहे तिच्याकडे पुढच्या १५ दिवसांत दाद मागता येते. प्रक्षेपणापासून सात दिवसांच्या आत पहिली तक्रार गेलेली असेल असे पाहावे. उशिरा गेलेली तक्रार मुदतीच्या मुद्द्यावरच अडकू शकते.

तक्रारीत राग नसावा. कार्यक्रमाचे नाव, प्रक्षेपणाची तारीख आणि वेळ, वादग्रस्त जागेचे मिनिट-सेकंद, मथळ्यातले शब्द, त्यासमोर आपण प्रत्यक्षात उच्चारलेले शब्द, आणि आपल्याला नेमके काय हवे आहे, म्हणजे मथळा बदलणे, क्लिप काढणे किंवा खुलासा दाखवणे, एवढे एका पानात लिहावे आणि सोबत चित्रफितीची लिंक जोडावी.